दसऱ्यानंतरची हजेरी

आमच्या घरात कॉलेज असायचं ते पावसाळ्यापुरतं. आषाढात ते सुरू झालं की मालक, म्हणजे माझे यजमान, रोज सकाळी धुतलेला सदरा घालून, दोन वह्या काखेत धरून निघायचे आणि जेवणाच्या वेळेला परत यायचे. दसरा झाला, बाजारात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येऊ लागल्या, की मालकांचं कॉलेज संपलं. कॉलेज तिथं आपलं चालूच असायचं. मालक तिथं नसायचे.

मी चौथी शिकलेली बाई. हे मी कोणाला वाचून दाखवणार नाही. दुपारी घर रिकामं असतं, हात रिकामे असतात, म्हणून लिहिते. हात रिकामे असण्याची सवय मला अजून झालेली नाही.

महाराष्ट्र व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. अकोल्याला एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या चाळीत आम्ही राहत होतो. एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. मालक त्याच जिनात काट्यावर कारकून होते. बंडी आली की कापूस तोलायचा, वजन लिहायचं, चिठ्ठी द्यायची, मग पुढची बंडी. हंगामात उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हेच. जिनात शिरलं की धुकं पडल्यासारखं दिसतं. कापसाचे बारीक तंतू उडत असतात. ते भुवयांवर बसतात, कानात जातात, श्वासाबरोबर आत जातात. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत मालकांना खोकला लागला. होळी होऊन जिन बंद पडलं तरी तो थांबेना. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून पाहिलं आणि म्हणाले, "कापूस सोडा. आणखी चार-दोन हंगाम काढाल, तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

कापूस सोडून करायचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते त्यांचं काम नव्हतं. अमरावतीला एका सरकारी कचेरीत मालकांचे लांबचे मामा होते. ते म्हणाले, "मॅट्रिकवाले ढिगानं पडले हायत. बी.ए. हो, मंग पाहू." मालकांनी त्याच वर्षी अकोल्याच्या कॉलेजात नाव घातलं. जिनातली नोकरी सोडता येत नव्हती, कारण गावाकडे मोर्शीजवळ सासू आणि लहान नणंद होत्या, त्यांचंही यांच्यावरच होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न राहिला. बी.ए. आधी होते की छाती आधी जाते.

कॉलेजचा नियम असा की वर्षभराची हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. पावसाळ्यातली हजेरी खरी होती. दसऱ्यानंतरची मालकांचे एक मित्र भरायचे. ते त्यांच्याच गावचे, वसतिगृहात राहायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. प्रोफेसर नाव घेत तेव्हा ते एकदा स्वतःच्या आवाजात आणि एकदा घसा आवळून "येस सर" म्हणायचे. दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि पडवीत बसून त्या आवाजाचा नमुना दाखवायचे.

"वैनी, याइचा आवाज मी असा काढतो, पाहा. थोडासा खोकतो मंधात. म्हंजे खरं वाटते."

"खोकलाही तुमीच घेऊन जा मंग," मालक म्हणायचे.

मी आत भाकरी थापत असायची. मला हसू यायचं, पण दोन पुरुषांच्या बोलण्यात मी कधी बोलत नसे. परक्या माणसासमोर माझा आवाज निघतच नाही, तो लहानपणापासूनचा स्वभाव. मास्तरांनी उभं केलं तरी मी खाली पाहून उभी राहायची आणि ते कंटाळून "बस" म्हणायचे.

शिकवलेलं काय ते मित्राच्या वहीतून उतरवता आलं असतं, पण मित्राच्या वहीत फार काही नसायचं. पुस्तकं मात्र होती. मालक घरी आले की हातपाय धुऊन पडवीत आडवे पडायचे. डोळे तंतूंनी लाल झालेले असायचे. मी ओला फडका पिळून त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची. त्यांना पुस्तक धरवत नसे. एक दिवस म्हणाले, "अवं, तू वाच. मी ऐकतो."

मी म्हटलं, "मले काय समजते त्यातलं?"

"तुले समजायची गरज नाई. अक्षरं तर येतात ना?"

अक्षरं येत होती. पण मला वाचण्याची रीत एकच माहीत होती. माझं माहेर रिद्धपूरच्या बाजूचं, घरात तिथल्याच पंथाची उपासना. रोज संध्याकाळी पोथी वाचली जायची. चौथीनंतर शाळा सुटल्यावर माझ्या हातात वाचायला आली ती पोथी. वडील जसे वाचायचे तशीच मी वाचायला शिकले. ओळीच्या मध्यावर आवाज वर न्यायचा, शेवटी लांबवत खाली आणायचा, मग एक श्वास, मग पुढची ओळ. साधं बोलल्यासारखं वाचायला गेले की माझी जीभ अडखळते. चालीवर वाचलं की पाणी वाहावं तसं वाचते.

म्हणून मी अर्थशास्त्र पोथीच्या चालीवर वाचलं. नागरिकशास्त्रही, आणि इतिहासही. इंग्रजी तेवढं मालक स्वतः पाहायचे, दोन बंड्यांच्या मध्ये. बाकी सगळं मी वाचलं. चुलीवर डाळ ठेवायची, कंदील जवळ ओढायचा आणि सुरू करायचं. 'भुकेल्या माणसाला पहिली पोळी जितकी उपयोगाची वाटते, तितकी दुसरी वाटत नाही, आणि तिसरी तर...' मी आवाज वर नेला की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून हात जोडायची. तिला वाटायचं पारायण चाललं आहे. एकदा तिनं विचारलंसुद्धा, "कोनती पोथी हाय वं? लय पोळ्या येतात तुह्या पोथीत."

मालक फडक्याखालून म्हणाले, "तिले सांग, आपल्या घरी दुसऱ्या पोळीपर्यंत अध्याय जातच नाई."

पहिलं वर्ष असंच निघालं. मालक पास झाले. मित्र सुद्धा झाले, पण त्यांना मार्क कमी पडले आणि ते म्हणाले, "वैनी, मी रोज वर्गात बसून मागं, हा रोज जिनात बसून पुढं. आता मलेही वाचून दाखवा." मी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

दुसरं वर्ष इंटरचं. त्या हंगामात कापूस फार आला. मालक घरी येऊन पडले की पहिला अर्धा धडा खोकण्यात जायचा. मी थांबायची, खोकला थांबला की मागच्या ओळीपासून परत सुरू करायची, कारण चाल मध्येच तुटली की मला पुढचं उचलता येत नाही. ऐकता ऐकता त्यांना डोळा लागायचा. मी वाचत राहायची. मला वाटायचं झोपेत सुद्धा काही आत जात असेल, जसा तंतू जातो. कधी माझेच डोळे मिटायचे आणि तोंड वाचत असायचं. पहाटे नळाला रांग असायची, दिवसभर घरकाम, शिवाय चाळीतल्या दोन घरांची धुणी मी घेतली होती. थकवा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते तेव्हा कळत नसे. सगळा दिवस एकाच रंगाचा.

होळी झाली, जिन थांबलं, आणि परीक्षा आली. अर्थशास्त्राच्या पेपरच्या दिवशी मालक दुपारी घरी आले ते पडवीत न बसता सरळ आत येऊन भिंतीला टेकले.

"पेपर काढून घेतला," ते म्हणाले.

मला वाटलं चक्कर आली असेल. मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत.

झालं ते असं. पेपर सोपा होता. पण मालकांना मधलं उत्तर मधूनच आठवत नव्हतं. मी धडा नेहमी सुरुवातीपासून वाचायची, म्हणून तो त्यांच्या डोक्यात सुरुवातीपासूनच चालायचा. पहिली ओळ धरली की एकामागून एक ओळी येत जायच्या. तर ते डोळे मिटून पहिल्या ओळीपासून मनात म्हणू लागले, आणि मनातलं ओठांवर कधी आलं ते त्यांना कळलं नाही. ओठांवरून आवाजात आलं, तेही चालीवर. हॉलमध्ये अकोल्याचं ऊन तापलेलं, सगळीकडे चिडीचूप, आणि हे अर्थशास्त्र पोथीसारखं गुणगुणत बसलेले. आजूबाजूची पोरं हसायला लागली. देखरेख करणाऱ्या मास्तरांना वाटलं, हा माणूस शेजारच्यांना उत्तरं सांगतो आहे. त्यांनी पेपर उचलला आणि यांना प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभं केलं. तिथं अर्थशास्त्राचे प्रोफेसरही होते.

"मी म्हटलं, सर, मी कोनाले सांगत नोतो. मले चाल लागली होती. तर ते म्हनाले, कसली चाल? मी म्हटलं, पोथीची. ते म्हनाले, थट्टा करता?"

"मंग?"

"मंग मी सांगतलं, घरी बायको वाचते. ते म्हनाले, बायको किती शिकली? मी म्हटलं, चौथी. ते दोघं एकमेकाइच्या तोंडाकडं पाहायला लागले."

मी खाली पाहिलं. पुढचं मला ऐकायचं नव्हतं, पण ते बोललेच.

"उद्या सकाळी तुले घेऊन बोलावलं. तू वाचून दाखवशीन तर पेपर धरतीन. नाई तर वर कळवतीन. मंग दोन वर्षं परीक्षेलेच बसू देत नाईत."

दोन वर्षं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही न बोलता कळलं. दोन वर्षं म्हणजे आणखी दोन हंगाम, आणि त्यानंतरचे बी.ए.चे वेगळे.

मी म्हटलं, "माह्यानं नाई होनार."

ते खोकत राहिले. थोड्या वेळानं मी उठून लुगडं धुवायला टाकलं, कारण सकाळी घालण्याजोगं तेवढं एकच होतं.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत मी गेले ते मला नीट आठवत नाही. मोठं टेबल आठवतं आणि त्यावरचा हिरवा कपडा. प्रोफेसर तरुण होते, पुण्याकडचे, बोलणं अगदी स्वच्छ. "बसा ना बाई," ते म्हणाले आणि खुर्ची दाखवली. मी खुर्चीच्या काठावर टेकले. त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. धडा ओळखीचाच होता. अक्षरं समोर होती. मी ओठ हलवले, आवाज आला नाही. पुन्हा हलवले. प्रोफेसरांनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. मालक भिंतीजवळ उभे होते, मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

प्रिन्सिपॉलसाहेब वयस्कर होते आणि आमच्याच बाजूचे. ते उठले, त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "बाई, मी इकडं कागद पाहून राहिलो. तू खाली बस, घरी बसते तशी. आन् प्रोफेसर, तुमीही जरा इकडं या, हा कागद पाहा."

दोघांच्याही पाठी माझ्याकडे झाल्या. मी खाली जमिनीवर बसले, पदर पुढे ओढला, पुस्तक मांडीवर घेतलं. पहिली ओळ फार बारीक निघाली. दुसरी थोडी बरी. मग चाल आली आणि मी वाचत गेले. वाचताना मला फक्त एवढंच वाटत होतं की डाळ चुलीवर नाही, आज उतू जाणार नाही.

पान संपायच्या आत प्रोफेसर म्हणाले, "थांबा."

मी थांबले. पण आवाज थांबला नाही. मालकांचे ओठ माझ्याबरोबर कधी चालू लागले होते ते त्यांना समजलं नव्हतं. मी थांबले तरी ते डोळे मिटून पुढच्या ओळी म्हणत होते, त्याच चालीवर, त्याच ठिकाणी श्वास घेत. एका ठिकाणी ते खोकले आणि मागच्या ओळीवर गेले. घरीही तसंच चालायचं. मग त्यांचे डोळे उघडले आणि ते गप्प झाले.

प्रोफेसरांनी त्यांना मधलाच एक प्रश्न विचारला. मालक म्हणाले, "सर, थोडं मागून यावं लागंन." आणि खरंच मागून सुरुवात केली. प्रोफेसर टेबलाला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. उत्तर येईपर्यंत बराच वेळ गेला. आलं ते बरोबर होतं.

"ठीक आहे," प्रोफेसर म्हणाले. "हे प्रकरण मी वर्गात कधी शिकवलं?"

मालक म्हणाले, "संक्रांतीच्या आसपास असंल, सर."

"असेल?"

हाताची घडी सोडून प्रोफेसर म्हणाले, "तुमच्या नावापुढे वर्षभर हजेरी आहे. आणि तुम्हाला मी दसऱ्यानंतर पहिल्यांदा काल पाहिलं. हजेरीला ओ कोण देतं?"

मला मित्राचा घसा आवळलेला आवाज आठवला आणि मी पुस्तकातच पाहत राहिले. चोरी केली नाही हे दाखवायला आम्ही गेलो होतो, आणि वर्गात बसलो नाही हे दाखवून बसलो होतो.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी खुर्ची सरळ केली. "दसऱ्यानंतर काय करता?" त्यांनी विचारलं.

"जिनात काट्यावर असतो, सर."

"अन् खोकला तिथलाच?"

"हो सर."

साहेब टेबलावरच्या कपड्याची सुरकुती सरळ करत होते. मग म्हणाले, "पेपर धरू. या वर्षाचं मी पाहिलं नाई. पन बी.ए.ची दोन वर्षं मी स्वतः वर्गात येऊन पाहीन. दसऱ्यानंतर हा मानूस बाकावर दिसला नाई, तर नाव कटलं. कोनीही ओ दिली तरी कटलं." आणि मला म्हणाले, "उठ बाई. चांगलं वाचते."

बाहेर आल्यावर मालकांनी मला पाणी पाजलं. कॉलेजच्या नळावर ओंजळीनं. मग ते दुपारच्या पेपरला गेले आणि मी एकटी चालत घरी आले.

इंटर पास झाले. जूनमध्ये निकाल लागला, मालकांचं नाव होतं. पण त्या दिवशी आम्ही पेढे आणले नाहीत, कारण दसरा येणार होता.

मी पावसाळाभर एकच गोष्ट मनात फिरवत होते आणि बोलायचं धाडस होत नव्हतं. घटस्थापना झाली तेव्हा बोलले. हंगामात जिनात बायकाही लागतात. कापसाच्या ढिगापुढे बसून पाला वेगळा काढायचा, कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेगळा काढायचा. ते काम मला येण्याजोगं होतं.

मालक भडकले. "मी पांढरा सदरा घालून कॉलेजात बसू अन् तू जिनात जाशीन? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइची छाती डाक्टरनं नाई पाह्यली."

"अन् तुही?"

"माही चांगली हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते वह्या काखेत घेऊन निघाले आणि मी डोक्याला फडकं बांधून निघाले. जिनाच्या फाटकापर्यंत आमचा रस्ता एकच होता. तिथं ते उजवीकडे वळले.

जिनातल्या बायकांना सगळं आधीच कळलेलं होतं. आमच्या ढिगावरची मुकादमीण, मोठ्या तोंडाची, पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे पाहा वं, कॉलेजवाल्याची आली. तुहा नवरा वह्या घेऊन जाते अन् तू टोपलं घेऊन. लगन कोनाचं कोनासंग लागलं?"

दुसरी म्हणाली, "शिकला की साहेब होईन. मंग हिले वळखनारबी नाई."

"वळखीन कसा नाई? कापूस चिकटला असंन ना हिच्या डोक्याले."

सगळ्या हसल्या. मी कवडी काढत राहिले. संध्याकाळी निघताना त्याच मुकादमिणीनं मला जवळ बसवून नाकावर पदर कसा दोनदा गुंडाळायचा ते शिकवलं. "इथं बोलाचं कमी," ती म्हणाली. "तोंड उघडलं की आत जाते." मला ते सोपं गेलं.

मालक रोज वर्गात बसू लागले. पहिल्या बाकावर. प्रिन्सिपॉलसाहेब खरोखर येऊन दारातून पाहून जात. पहिल्या महिन्यात मी एकदा विचारलं, कसं वाटते म्हणून. ते म्हणाले, "प्रोफेसर चांगलं सांगतात. पन लय लवकर सांगतात. अन् मागून सुरू करा म्हटलं तर करत नाईत."

घरी आल्यावर मी आडवी पडायची आणि ते भाकऱ्या थापायचे. वेड्यावाकड्या, पण थापायचे. मग कंदिलाजवळ पुस्तक घेऊन बसायचे आणि स्वतःच वाचायचे, त्याच चालीवर. त्यांना दुसऱ्या रीतीनं पाठ होत नव्हतं. मला सुरुवातीच्या दोन ओळी ऐकू यायच्या, पुढच्या नाही. भिंतीपलीकडची म्हातारी त्या वर्षी वारली होती. नाही तर तिला वाटलं असतं, पोथी आता पुरुषमाणूस वाचतो आहे.

ती दोन वर्षं मला एकत्र आठवतात. कोणत्या वर्षी नणंदेचं लग्न झालं, कोणत्या वर्षी आम्ही पत्रा बदलला, सांगता येत नाही. पहाटेचा नळ, फडकं, ढीग, पदर, घर. मालकांचा खोकला मात्र पहिल्या हंगामातच कमी झाला. दुसऱ्यात एका रात्री मी झोपेतून जागी झाले आणि मला जाणवलं की खोली शांत आहे. ते सरळ श्वास घेत होते. मी तशीच पडून ऐकत होते. मग मला पुन्हा झोप लागली.

बी.ए. झाले ते तिसऱ्या श्रेणीत. मित्र एका विषयात राहिले आणि गावी मास्तर होऊन गेले. जाताना म्हणाले, "वैनी, माही ओ कामाले आली नाई शेवटी." अमरावतीच्या मामांना मालकांनी पत्र टाकलं. मामांचं उत्तर आलं की जागा निघाली की कळवतो. जूनचा ऑगस्ट झाला. दोन-चार ठिकाणी अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. दसरा आला. जिनातून निरोप आला की काट्यावर माणूस पाहिजे, येता का. मालक सदरा घालायला लागले.

मी म्हटलं, "तुमी नाई जायचं."

"आता कॉलेज कुठं हाय? आता तर मी रिकामाच हाय."

"म्हनूनच नाई जायचं. इतके दिवस काढले ते काट्यावर परत जायले का?"

हे मी एवढ्या मोठ्यानं बोलले की पडवीतली कोंबडी उडाली. त्यांनी सदरा काढून ठेवला. मी फडकं बांधलं.

तिसरा हंगाम पहिल्या दोन्हींपेक्षा जड गेला. आता घरात पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, पुढे दिसण्यासारखी तारीख नव्हती. मालक दिवसभर गावात कामाची विचारणा करत हिंडायचे, संध्याकाळी भाकऱ्या करून ठेवायचे आणि माझ्याकडे पाहायचं टाळायचे. मुकादमीण विचारायची, "काय वं, साहेब झाला का?" पुढे तिनंही विचारायचं सोडलं.

संक्रांत झाल्यानंतरचा दिवस होता. दुपार कलली होती. आमच्यापुढे नुकताच एक मोठा ढीग टाकला होता, खालच्या प्रतीचा, पाल्यानं भरलेला. एवढ्यात फाटकाकडून कोणी ओरडल्याचा आवाज आला. जिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मी पाहिलं तर मालक फाटकाबाहेर उभे होते, गजाला धरून, दुसऱ्या हातात एक लिफाफा वर करून. चौकीदार त्यांना आत ये म्हणत होता, ओळखीचाच होता तो. ते आत येत नव्हते. त्यांनी मला शब्द दिला होता की फाटकाच्या आत पाय टाकणार नाही.

"अवं! आली! अमरावतीची आली!"

बायकांनी माना वर केल्या. "कोन आली वं अमरावतीची?"

"सवत आली असंन," मुकादमीण म्हणाली, आणि मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "नोकरी ना? जा मंग. ऊठ. आमी पाहून घेऊ."

मी उठले आणि ढिगाकडे पाहिलं. ढीग अर्धाही झालेला नव्हता. मी नाही बसले तर माझा वाटा त्या दोघीतिघींवर पडणार होता, त्यांच्याही नाकावर तोच पदर होता. मी मालकांना हातानं खूण केली, थांबा म्हणून. ते फाटकाबाहेरच्या दगडावर बसले, लिफाफा गुडघ्यावर ठेवून, स्वच्छ हवेत. मी परत खाली बसले आणि पाला काढायला लागले.